शांत संगीत लावूनही मन शांत का होत नाही?

घरातलं कुणीतरी खूप अस्वस्थ आहे. येरझाऱ्या चालल्या आहेत, श्वास वरवर चाललाय, काही विचारलं की अंगावर धावून येतंय. जवळचं माणूस काळजीने मोबाइल काढतं, 'शांत संगीत' शोधतं आणि संथ बासरी किंवा पाण्याची खळखळ लावून देतं. दोन मिनिटं होत नाहीत तोच तिकडून आवाज येतो, "बंद कर ते आधी." मग सगळ्यांचं ठरून जातं की संगीताबिंगीताचा काही उपयोग नसतो.

बासरीचा यात दोष नाही. ती चुकीच्या टप्प्यावर लागली, एवढंच. छाती धडधडत असलेल्या माणसाला संथ सूर परके वाटतात. "तू उगाच त्रागा करतोयस" असं कुणी सुनावावं तसे ते टोचतात. संगीतोपचारात यावरचा उपाय बराच जुना आहे. इरा ऑल्टशूलर या अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञाने १९४०च्या दशकात तो मांडला आणि त्याला 'आयसो' तत्त्व असं नाव पडलं. आयसो म्हणजे समान. रुग्णाची मनःस्थिती आत्ता जशी आहे तिच्याशी जुळणारं संगीत आधी द्यायचं, त्याचं मन त्यात गुंतलं की मग पायरीपायरीने बदलत त्याला हवं तिथे आणायचं. मला विचाराल तर घरच्या घरी संगीताचा उपयोग करणाऱ्याने या विषयातलं हे एकच तत्त्व नीट आत्मसात केलं तरी निम्म्याहून जास्त चुका टळतील.

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते सविस्तर बघू.

समजा, अस्वस्थ असताना त्या माणसाची नाडी मिनिटाला ९५ च्या घरात असते. त्याच्यासाठी साधारण अर्ध्या तासाची, सात-आठ गाण्यांची किंवा धुनांची यादी बनवायची. पहिली दोन ९५ ते १०० ठोक्यांची, भरगच्च वाद्यमेळ, ठसठशीत ताल, गाणाऱ्याचा आवाज जरा चढा. मग ९०, मग ८२, मग ७५ असं उतरत जायचं आणि शेवटची दोन ६० ते ६६ च्या दरम्यान ठेवायची. एका उडीत आठ-दहा ठोक्यांपेक्षा जास्त उतरू नये. १०० वरून एकदम ६५ वर आलात तर तो धक्काच असतो, आणि पुन्हा "बंद कर ते" ऐकावं लागतं.

गाण्याची लय मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही. गाणं लावा, १५ सेकंदांत किती टाळ्या पडतात ते मोजा आणि चारने गुणा. इथे एक घोटाळा हमखास होतो. एकाच गाण्यात मंद ठोका आणि त्याच्या दुप्पट चालणारा ठोका असे दोन्ही असतात, त्यामुळे एकाला ७० मोजता येतात आणि दुसऱ्याला १४०. कुणाचंच चूक नसतं. ज्याच्यासाठी यादी बनवतोय त्याचा पाय किंवा मान कुठल्या ठोक्यावर हलते ते बघायचं आणि तोच आकडा धरायचा.

पण नुसती लय उतरवून भागत नाही. लयीबरोबर वाद्यांची गर्दीही कमी होत गेली पाहिजे, तारसप्तकातून मध्यसप्तकात यायला हवं, तालवाद्यांचा टणत्कार मऊ व्हायला हवा आणि शेवटच्या टप्प्यात शक्यतो शब्दच नकोत. शब्द आले की डोकं अर्थाच्या मागे लागतं. ६२ च्या लयीतलं विरहगीत नाडीला शांत करेल, मनाला करेलच असं नाही. शेवटच्या दोन तुकड्यांत अचानक मोठा होणारा आवाज, झांज, टाळ्यांचा कडकडाट यातलं काही नसावं. मैफलीतलं रेकॉर्डिंग या जागी चालत नाही ते याचसाठी.

आणि सगळ्यात शेवटी दोन मिनिटं काहीही लावायचं नाही. ही शांतता यादीचाच भाग धरायची. ल्युसियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये २४ जणांवर केलेला एक प्रयोग आहे. निरनिराळ्या शैलींचं संगीत ऐकवताना त्यांनी श्वास, नाडी आणि रक्तदाब मोजले. द्रुत लयीत तिन्ही वाढले. शैली कुठली यापेक्षा लय किती याचाच परिणाम जास्त दिसला. पण लक्षात राहावी अशी गोष्ट वेगळीच होती. संगीताच्या मधोमध दोन मिनिटांची शांतता ठेवली होती आणि त्या शांततेत हे आकडे सुरुवातीपेक्षाही खाली गेले. म्हणजे संगीत शरीराला थोडं ताणतं आणि ते थांबलं की शरीर सैल पडतं. दिवसभर घरात मंद संगीत सुरू ठेवणाऱ्यांना हे सैल पडणं मिळतच नाही. तासाभराने कानाला ते ऐकूही येत नाही, फक्त बोलणं थोडं मोठ्याने करावं लागतं.

घरी हे फसतं त्याची कारणंही ठरलेली आहेत. यादी ऐन भडका उडाला असताना शोधायला घेतली जाते. ती बऱ्या दिवशी, त्या माणसाला शेजारी बसवून, त्याच्या आवडीनेच करून ठेवायला हवी आणि त्याच बऱ्या दिवसांत दोन-तीनदा ऐकूनही बघायला हवी. दुसरं, पहिल्या टप्प्यातच कुणीतरी उठून बंद करतं. तसं झालं तर माणूस चढलेल्या अवस्थेतच अडकतो, म्हणून निदान वीस मिनिटं हातात असतील तरच सुरुवात करावी. तिसरं कारण अगदी क्षुल्लक वाटेल, पण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं: मध्येच येणारी जाहिरात. ६२ च्या लयीत माणूस डोळे मिटून पडलाय आणि कानात कुणीतरी दुप्पट आवाजात काहीतरी विकायला येतं. गाणी फोनमध्ये उतरवून घ्या, फोन विमान मोडवर टाका आणि यादी संपल्यावर पुढचं गाणं आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा.

शेवटच्या टप्प्यात श्वासाची जोड द्यायची असेल तर ६० ची लय फार सोयीची आहे, कारण एक मात्रा म्हणजे बरोबर एक सेकंद. चार मात्रा श्वास आत, सहा मात्रा बाहेर. दहा मात्रांचा एक श्वास, म्हणजे मिनिटाला सहा. पाच मिनिटं पुरतात. चक्कर आल्यासारखं वाटलं तर श्वास गरजेपेक्षा जास्त खोल घेतला जातोय असं समजावं. सावकाश घ्यायचा, पण भरभरून नाही.

उदासीचं गणित जरा निराळं आहे. उदास माणसाला उदास गाणं लावलं की कुणीतरी समजून घेतल्यासारखं वाटतं, म्हणजे आयसो तत्त्व इथेही लागू पडतं. पण काहींच्या बाबतीत ते गाणं मनातल्या एकाच विचाराला वंगण घालतं. तेच गाणं पुन्हा, पुन्हा, तासभर. यासाठी एक साधी कसोटी आहे. ऐकण्याआधी मनावरचा भार ० ते १० मध्ये किती ते लिहा आणि वीस मिनिटांनी पुन्हा लिहा. रडू आलं तरी आकडा उतरला असेल तर चांगलं. आकडा तिथेच राहिला किंवा चढला आणि डोक्यात तोच विचार फिरत असेल, तर त्या गाण्याने त्या दिवशी औषधाचं काम केलं नाही. ते बाजूला ठेवा आणि उठून दुसरं काहीतरी करा.

निदान झालेल्या नैराश्यात मात्र नुसत्या ऐकण्यावर विसंबू नये. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये नऊ अभ्यासांचा, ४२१ रुग्णांचा आढावा घेतला. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली तर निदान थोड्या काळापुरता तरी नुसत्या उपचारांपेक्षा जास्त फायदा होतो, असं त्यात दिसलं. 'जोड' हा शब्द इथे महत्त्वाचा. फिनलंडमध्ये २०११ साली ७९ जणांवर झालेल्या अभ्यासात नैराश्याच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत एकेक तासाची वीस सत्रं दिली होती, आठवड्याला दोन. आणि त्या सत्रांत कुणी नुसतं ऐकत बसलं नव्हतं. रुग्ण आणि उपचारक दोघंही वाद्य घेऊन बसतात, ठरवून काही वाजवत नाहीत. रुग्ण एक थाप मारून थांबतो. उपचारक तीच थाप परत देतो. रुग्ण जोरात मारतो, उपचारक तेवढ्याच जोरात उत्तर देतो. 'तुझं ऐकू आलं' हे शब्दांवाचून पोचतं, आणि जे बोलता येत नव्हतं त्याबद्दल सत्राच्या उत्तरार्धात बोलायला सुरुवात होते. यासाठी रुग्णाला वाद्य वाजवता येण्याची काहीच गरज नसते.

पायांसाठी ठोका

संगीताचा परिणाम मनावर होतो हे कुणालाही पटतं. पण सगळ्यात स्पष्ट, मोजून दाखवता येणारा परिणाम चालण्यावर दिसतो. पार्किन्सन झालेला माणूस बघा. पावलं आखूड पडतात, पाय जमिनीला घासतात, दाराच्या उंबऱ्यापाशी पाय चिकटल्यासारखा होतो. मेंदूत खोलवर असलेल्या ज्या केंद्रांकडे हालचालींची वेळ राखण्याचं काम असतं, त्यांनाच या आजाराने ग्रासलेलं असतं. आतला ठोका हरवतो. अशा वेळी बाहेरून कानावर नियमित ठोका पडला तर मेंदू पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज बांधतो आणि पाऊल त्या अंदाजावर टाकतो. मायकेल थॉट यांच्या गटाने १९९६ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांना तीन आठवडे घरच्या घरी असा सराव करायला लावला. रोज अर्धा तास. चालण्याचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी आणि पावलाची लांबी १२ टक्क्यांनी वाढली.

पद्धत अशी. दहा मीटरची मोकळी, सपाट वाट घ्या. पायपुसणी, वायरी, लहान टेबल सगळं काढून टाका. त्या माणसाला नेहमीसारखं चालू द्या आणि ३० सेकंदांत किती पावलं पडली ते मोजून दुप्पट करा. निरोगी प्रौढ माणसाची साधारण १०० ते १२० येतात. समजा इथे ८४ आली. फोनवरचा मेट्रोनोम, म्हणजे ठरवलेल्या वेगाने टिकटिक ठोका देणारं अ‍ॅप, ८४ वरच लावा, जास्त नाही. आधी उभ्या उभ्या, खुर्चीची पाठ धरून, ठोक्यावर वजन डाव्या-उजव्या पायावर घ्यायचं, एखादं मिनिट. मग चालायचं. पाऊल ठोक्यावर पडायला लागलं आणि दोन-तीन फेऱ्या नीट झाल्या की ५ टक्के वाढवा, म्हणजे ८८. तेही अंगवळणी पडलं की ९२. पुढे मेट्रोनोमच्या जागी त्याच लयीचं, चार मात्रांच्या ठळक ठेक्याचं गाणं वापरता येतं. शेवटी चालता चालता आवाज बंद करून बघायचा. ठोका गेल्यावरही पाच-सहा पावलं तशीच पडली तर ठोका आत उतरतोय असं समजा.

इथे चुका होतात त्या धोकादायक ठरू शकतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. घाईने लय वाढवली तर पावलं लांब होण्याऐवजी आणखी आखूड होऊन पळायला लागतात आणि माणूस पुढे झुकून पडतो. ज्यांचे पाय चालताना मध्येच गोठतात, त्यांना तर वाढलेली लय सहसा मानवत नाही. त्यांच्यासाठी मूळ आकड्यावरच थांबावं किंवा १० टक्क्यांनी कमी करून बघावं. लय मागेपुढे होणारी गाणी, आलापी, लांब पल्ले घेणारं गायन यासाठी निरुपयोगी आहे, कितीही आवडीचं असलं तरी. दोन्ही कानांत हेडफोन घालू नयेत, मागून येणारी हाक ऐकू आली पाहिजे. छोटा स्पीकर कमरेला किंवा सोबत चालणाऱ्याच्या हातात ठेवावा. गोळीचा परिणाम चढलेला असेल ती वेळ निवडावी. आणि पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टसमोर केल्याशिवाय हे एकट्याने करायला सोडू नये. सोबत चालणाऱ्याने अर्धं पाऊल मागे, कमजोर बाजूला राहावं. पुढे उभं राहून "या, या" म्हणत बोलावू नये. त्याने लक्ष ठोक्यावरून तुमच्यावर जातं.

बोलणं आणि आठवण

डाव्या मेंदूत पक्षाघात होऊन वाचा गेलेली काही माणसं 'पाणी' हा शब्द उच्चारू शकत नाहीत, पण ओळखीच्या गाण्याचे शब्द सुरात म्हणतात. घरच्यांना हे चमत्कारासारखं वाटतं आणि मग ते रोज तीच गाणी म्हणून घेतात. त्याने माणूस खुलतो, हे खरं. पण पाठ गाणं म्हणता आलं म्हणून गरजेचं वाक्य बोलता येत नाही. त्यासाठी १९७३ मध्ये बोस्टनमध्ये एक वेगळी पद्धत मांडली गेली. तिला मेलोडिक इंटोनेशन थेरपी म्हणतात.

तिच्यात गाणं नसतं. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य दोनच सुरांवर म्हणायचं असतं, साधारण सा आणि कोमल ग एवढ्या अंतराचे दोन सूर. 'पाणी हवं' घ्या. पा-णी-ह-वं, चार अक्षरं. बोलताना जिथे नैसर्गिकपणे जोर पडतो ते अक्षर वरच्या सुरावर, बाकीची खालच्या. अंदाजे एका सेकंदाला एक अक्षर, सूर जरा लांबवत. रुग्णाच्या डाव्या हाताने प्रत्येक अक्षराला टेबलावर एक थाप. हात त्याचा, सुरुवातीला धरायला आपण. आधी नुसतं गुणगुणायचं. मग दोघांनी मिळून शब्दांसकट. मग आपण अर्ध्यावर थांबायचं आणि पुढचं त्याला पुरं करू द्यायचं. मग आपण म्हणायचं, त्याने मागून. शेवटी विचारायचं, "काय हवंय?" आणि त्याने त्याच सुरात उत्तर द्यायचं. हे जमलं की पुढच्या आठवड्यांत सूर कमी करत करत साध्या बोलण्यावर आणायचं.

ही पद्धत सगळ्यांसाठी नाही. ज्यांना दुसऱ्याचं बोलणं बऱ्यापैकी समजतं पण स्वतःचे शब्द बाहेर पडत नाहीत, त्यांच्यासाठी ती आहे. ज्यांचं बोलणं धो धो चालतं पण अर्थ लागत नाही, त्यांना तिचा उपयोग होत नाही. कोण कुठल्या गटात आहे ते स्पीच थेरपिस्टने ठरवायचं. घरच्यांची नेहमीची चूक म्हणजे उतावीळपणा. तो 'पा' म्हणून अडकला की आपण 'पाणी, पाणी' म्हणून टाकतो. मनात पाच मोजा. शब्द येत असतो.

पक्षाघातानंतरच्या नुसत्या ऐकण्याचाही उपयोग आहे. हेलसिंकीत तेप्पो सार्कामो यांच्या गटाने २००८ मध्ये साठेक रुग्णांचे तीन गट केले. एकाला आवडीचं संगीत, दुसऱ्याला ध्वनिफितीवरची पुस्तकं, तिसऱ्याला यातलं काहीच नाही. दोन महिने, रोज किमान एक तास. शब्दांची स्मरणशक्ती आणि लक्ष एकाग्र करणं या दोन्हींत संगीताचा गट पुढे गेला. संगीत रुग्णाने स्वतः निवडलेलं होतं, हे विसरू नये.

स्मृतिभ्रंशात तर निवड हाच सगळा उपचार आहे. संगीताची आठवण बाकीच्या आठवणींच्या मानाने खूप उशिरापर्यंत टिकते, आणि त्यातही माणसाच्या दहाव्या ते तिसाव्या वर्षांच्या काळातली गाणी सर्वांत घट्ट बसलेली असतात. आजी आज ८२ वर्षांच्या असतील तर बावन्न ते बहात्तर वर्षांपूर्वीची गाणी शोधायची. तुम्हाला जुनी वाटणारी गाणी त्यांच्यासाठी नवी असू शकतात. भावंडांना, जुन्या मैत्रिणींना विचारा. दहा-बारा गाणी सापडली तरी पुष्कळ झालं. प्रत्येक गाणं लावून तीस सेकंद फक्त त्यांच्याकडे बघा: बोटं हलतायत का, ओठ पुटपुटतायत का, की जबडा आवळलाय आणि हात पदराशी चाळा करतायत. पहिलं दिसलं तर गाणं यादीत, दुसरं दिसलं तर बाहेर. डोळ्यांत पाणी आलं म्हणून घाबरून बंद करू नका, अंग सैल असेल तर शेजारी बसून राहा. पण चेहरा भेदरलेला असेल तर ते गाणं कायमचं वगळा. प्रत्येक जुनी आठवण सुखाचीच असते असं नाही.

वेळही ठरवून साधावी लागते. अनेकांची बेचैनी दिवसाच्या ठराविक वेळी वाढते. तीन-चार दिवस घड्याळ बघून नोंद ठेवा. रोज साडेपाचला सुरू होत असेल तर संगीत पाच वाजता लावा, साडेपाचला नको. परिचर्या क्षेत्रातल्या संशोधक लिंडा गर्डनर यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी आखलेल्या पद्धतीत हे अगदी स्पष्ट आहे: प्रत्येकाच्या आवडीचं संगीत, साधारण अर्धा तास, आणि तेही बेचैनीची वेळ येण्याच्या निदान अर्धा तास आधी. श्रवणयंत्र असेल तर त्यावर हेडफोन चढवल्यावर शिट्टीसारखा आवाज येतो आणि माणूस हेडफोन भिरकावून देतो. संगीत नकोय असं समजू नका, स्पीकर वापरा. कानातला मळ तपासून घ्या.

आणि कृपा करून "हे गाणं ओळखलंत का?" असं विचारू नका. ती परीक्षा होते, आणि त्यात नापास होण्याची लाज त्या माणसाला अजूनही वाटते. त्यापेक्षा पहिली ओळ आपण गुणगुणायची आणि शेवटचा शब्द सोडून द्यायचा. पुष्कळदा तो शब्द समोरून येतो.

थोडं इतर ठिकाणांबद्दल

शस्त्रक्रियेच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे. २०१५ मध्ये ७३ चाचण्या आणि जवळपास ७,००० रुग्णांची आकडेवारी एकत्र करून बघितली तेव्हा संगीतामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना, चिंता आणि वेदनाशामकांची गरज कमी झालेली दिसली. रुग्णालयातला मुक्काम मात्र कमी झाला नाही. भूलतज्ज्ञाला आधी विचारून आपल्या आवडीची यादी आणि हेडफोन सोबत न्यावेत.

दिवसांआधी जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत उत्साह आवरायला हवा. अशा बाळांच्या अतिदक्षता कक्षात एकूण आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये अशी शिफारस आहे, म्हणून काचेच्या पेटीत स्पीकर ठेवणं पूर्ण चूक. आईने किंवा बाबांनी हलक्या आवाजात, एकाच लयीत, तीच अंगाई म्हणावी. बाळाची बोटं ताठ फाकली, उचकी लागली, मान फिरवली किंवा रंग बदलला तर लगेच थांबावं.

बाळंतपणानंतरच्या नैराश्यात गटाने गाण्याचा उपयोग दिसला आहे. लंडनमध्ये १३४ मातांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा आठवडे बाळांसह गाणाऱ्या मातांची मध्यम ते तीव्र लक्षणं लवकर कमी झाली.

जिथे अपेक्षेइतकं यश आलं नाही तेही सांगायला हवं. स्वमग्न मुलांसाठी नऊ देशांत ३६४ मुलांवर मोठी चाचणी झाली, २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. पाच महिन्यांनंतर लक्षणांच्या तीव्रतेत ठळक फरक पडला नाही. मूल वाद्याच्या निमित्ताने नजर देतं, आपली पाळी येईपर्यंत थांबतं, आणि त्याचं मोल आहेच. पण 'संगीताने स्वमग्नता बरी होते' असं पालकांना सांगणं हा अन्याय आहे.

असाच अन्याय अमुक रोगावर अमुक राग अशा याद्या पसरवणाऱ्यांकडून होतो. मधुमेहाला हा राग, दम्याला तो, अशा नेमक्या जोड्या ठरवण्याइतका पुरावा नाही. एकच राग विलंबित लयीत आणि द्रुत लयीत शरीरावर वेगवेगळा परिणाम करेल. त्यात ऐकणाऱ्याची ओळख आणि आवड मिसळली की नुसत्या रागाच्या नावावरून काही सांगणं कठीण होतं. ४३२ हर्ट्झला सूर लावलेलं संगीत रोग बरे करतं, या दाव्याचंही तेच. मोझार्ट ऐकून बुद्धी वाढते ही समजूत १९९३ मधल्या एका छोट्या प्रयोगातून निघाली. त्यात ३६ विद्यार्थी होते, दहा मिनिटांचं ऐकणं होतं, आणि आकृत्यांच्या कोड्यांतला तो फायदा दहा-पंधरा मिनिटांत ओसरला होता.

आवाजाचं प्रमाण ठरलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने प्रौढांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, पण ९० डेसिबलला तीच मर्यादा चार तासांवर येते. उपचारासाठी एवढ्याची गरजच नसते. संगीत सुरू असताना हातभर अंतरावरून साध्या आवाजात बोललेलं कळलं पाहिजे, ही घरगुती मोजणी पुरते. नसलेले आवाज ऐकू येण्याचा त्रास ज्यांना आहे त्यांच्यासाठी हेडफोन मानसोपचारतज्ज्ञाला विचारूनच. क्वचित काही जणांना विशिष्ट संगीताने फिट येते, त्यामुळे फिट येणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्या वेळी काय वाजत होतं याचीही नोंद ठेवावी.

संगीतोपचारकाकडे जायचं ठरवलं तर पहिल्याच भेटीत बघा की तो आधी माणसाला तपासतो की थेट सीडी हातात देतो. त्याने ऐकण्याची क्षमता, आजार, औषधं, संगीताची आवड आणि नावड हे सगळं विचारलं पाहिजे. प्रशिक्षण कुठे घेतलं, देखरेखीखाली रुग्णांसोबत किती काम केलं, हे त्याला सरळ विचारा. उद्दिष्ट लिहून मागा, आणि तेही मोजता येईल असं. 'मनःशांती' नको, 'रात्री झोप लागायला लागणारा वेळ दीड तासावरून पाऊण तासावर' असं हवं. सहा ते आठ सत्रांनंतर त्याच कागदावर बोट ठेवून पुन्हा बसा. आणि कुणी गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर त्याच दिवशी तिथून उठा.